इतिहासाच्या तासाला ऑनलाइन नकाशे : कोणते उघडावेत, कोणते जपून वापरावेत

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातला नकाशा बहुधा अर्ध्या पानाचा असतो. दोन-तीन बाण, लढाईच्या जागी ओलांडलेल्या तलवारींची खूण आणि राज्याच्या सीमेत भरलेला एक सपाट रंग, एवढ्यावर त्याचे काम संपते. बाण या वाटेने का गेला, मध्ये नदी होती की डोंगर, फौजेला ती वाट कापायला किती दिवस लागले, हे विचारायला त्या नकाशात जागाच नसते. गेल्या वीस वर्षांत विनामूल्य उपलब्ध झालेल्या ऑनलाइन नकाशांनी ती जागा करून दिली आहे. या परीक्षणात गूगल अर्थ, जुन्या नकाशांचे दोन मोठे संग्रह, ओपनहिस्टॉरिकलमॅप, ऑर्बिस आणि स्लेव्हव्हॉयेजेस यांचा विचार माध्यमिक शाळेतील इतिहासाच्या तासापुरता केला आहे. कसोटी एकच ठेवली आहे : नुसते पुस्तक वाचून जो प्रश्न पडला नसता, तो नकाशा पाहून विद्यार्थ्याला पडतो का? देखणेपणाला गुण दिलेले नाहीत, कारण सर्वांत देखणा नकाशाच विद्यार्थ्याची सर्वांत सहज दिशाभूल करतो, असे माझे मत झाले आहे.

सुरुवात अर्थातच गूगल अर्थपासून करावी लागते. २००५ पासून उपलब्ध असलेले हे साधन आज ब्राउझरमध्ये चालते, आणि संगणकावर उतरवून घ्यायची त्याची ‘प्रो’ आवृत्ती २०१५ पासून मोफत आहे. शाळेसाठी मी ‘प्रो’च सुचवीन, त्याची कारणे पुढे येतीलच. या साधनाची खरी ताकद भूमीचा उंचसखलपणा दाखवण्यात आणि अंतराचा अंदाज देण्यात आहे, आणि ती पानिपतच्या धड्यात जितकी स्पष्ट कळते तितकी क्वचितच कुठे कळत असेल. अब्दाली वायव्येकडून आलेला आक्रमक, म्हणून १४ जानेवारी १७६१ रोजी तो उत्तरेला उभा असणार आणि मराठे दिल्लीच्या बाजूला, असे चित्र विद्यार्थ्यांच्या मनात आपोआप तयार झालेले असते. नकाशावर यमुना शोधायला लावावी, तिच्या पश्चिमेला दिल्लीच्या उत्तरेकडे पानिपत आणि त्याच्याही पुढे कुंजपुरा दाखवावा, आणि मग दिल्ली व पानिपत यांच्या मध्ये नदीच्या पूर्व काठावर असलेल्या बागपतवर बोट ठेवावे. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी कुंजपुरा घेतला, आणि त्याच महिन्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून पश्चिमेला आला. दिल्ली ते पानिपत हे अंतर सरळ रेषेत मोजले तर सुमारे ८५ किलोमीटर भरते, आणि अब्दाली नेमका या अंतराच्या मध्ये येऊन बसला होता. म्हणजे मराठे उत्तरेला, अब्दाली दक्षिणेला, आणि मराठ्यांची दिल्लीकडची, पर्यायाने दक्षिणेकडची वाट बंद. रसद का तुटली, उपासमार का झाली, कोंडी फोडण्यासाठी दक्षिणेकडे तोंड करून का लढावे लागले, हे सारे पुस्तकात एकेका वाक्यात सांगितलेले असते. नकाशावर मात्र ते विद्यार्थ्याला स्वतःला दिसते आणि त्याला पाठ करण्याची गरज उरत नाही. यमुनेचे पात्र तेव्हापासून सरकलेले आहे, ही सूचना शिक्षकाने द्यायला हवी. नकाशा ती देत नाही.

‘प्रो’ आवृत्तीत एखादा मार्ग रेखाटला की त्या मार्गावरील चढउतारांचा आलेख मिळतो. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने रोमवर चालून जाताना इ.स.पू. २१८ मध्ये हत्तींसह आल्प्स ओलांडल्याची गोष्ट सगळ्यांना आवडते, पण तो नेमक्या कोणत्या खिंडीतून गेला याबद्दल अभ्यासकांचे एकमत नाही. कोल द क्लापिए ही सुमारे २,५०० मीटर उंचीची खिंड आणि कोल द ला त्रावेर्सेत ही २,९०० मीटरहून उंच असलेली खिंड, या दोन्हींचे दावे बराच काळ मांडले गेले आहेत. प्राचीन ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने लिहिले आहे की, माथ्यावर पोचल्यानंतर खचलेल्या सैनिकांना हॅनिबलने तिथून खाली पसरलेला इटलीचा सपाट प्रदेश दाखवला. वर्गाचे दोन गट करावेत, प्रत्येकाला एक खिंड द्यावी, तिथे ‘उभे राहून’ पूर्वेकडे पाहायला सांगावे आणि पॉलिबियसचे वर्णन तिथे कितपत लागू पडते ते लिहून आणायला सांगावे. साधनग्रंथातील विधान भूगोलाशी ताडून पाहण्याची ही सवय शाळेत दुसऱ्या कोणत्या मार्गाने लावता येईल, ते मला खरोखर सांगता येणार नाही. एक पथ्य मात्र पाळावे : सेटिंगमध्ये उंची वाढवून दाखवण्याची सोय असते, ती तिपटीपर्यंत नेता येते आणि त्या अवस्थेत साध्या टेकड्याही अभेद्य दिसू लागतात. हा आकडा एकवर आहे याची खात्री तासापूर्वीच करून घ्यावी.

पिनांबद्दलही एक तक्रार आहे. या साधनात जागा दाखवायची म्हणजे पिन टोचायची, आणि पिन ही नेहमी ठाम असते. जिथे अभ्यासक ‘या खोऱ्यात कुठेतरी’ म्हणतात तिथेही ती एका शेताच्या बांधावर जाऊन बसते. अशा वेळी पिनेऐवजी बहुभुज आखून अंदाजे क्षेत्र दाखवावे. त्याला दोन मिनिटे जास्त लागतात, पण इतिहासातील अनिश्चितता विद्यार्थ्याच्या नजरेस येते.

आता या साधनाच्या सर्वांत मोठ्या मर्यादेकडे यावे लागेल. उपग्रहाचे छायाचित्र आजच्या भूमीचे असते आणि ते इतके खरे दिसते की, भूमी बदलते हेच मन विसरते. थर्मापिलीचे उदाहरण घ्यावे. इ.स.पू. ४८० मध्ये स्पार्टाचा राजा लिओनिडासने इराणी सम्राट झर्क्सीसच्या प्रचंड फौजेला जिथे अडवले, ती एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशी अरुंद पट्टी होती. मूठभर लोक मोठ्या सैन्याला थोपवू शकले ते त्या अरुंदपणामुळेच. आज तीच जागा गूगल अर्थवर उघडली तर डोंगराच्या पायथ्याशी शेतांचे रुंद मैदान दिसते, त्यातून महामार्ग गेलेला दिसतो आणि समुद्र काही किलोमीटर दूर सरकलेला असतो, कारण स्परखिऑस नदीने अडीच हजार वर्षे गाळ आणून तो किनारा भरत नेला आहे. जो विद्यार्थी विश्वासाने नकाशा पाहील, त्याला वाटेल की या लढाईचे वर्णन करणाऱ्या ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने थापा मारल्या. तेनोच्तित्लानच्या बाबतीत तर याहून पंचाईत होते. स्पॅनिश सेनानी कोर्तेसने १५२१ मध्ये अॅझटेकांची सरोवरातील बेटावर वसलेली ही राजधानी घेतली, त्यासाठी त्याला १३ लहान जहाजे बांधून सरोवरात उतरवावी लागली. आज तिथे मेक्सिको सिटी आहे, सरोवर बहुतांश नाहीसे झाले आहे, आणि शहराच्या मध्यभागी जहाजे कशासाठी, याचे उत्तर उपग्रहाच्या चित्रात कुठेच नाही.

यावरून गूगल अर्थ टाळावे असा निष्कर्ष मी काढत नाही. उलट थर्मापिलीचा धडा याच विसंगतीपासून सुरू करावा असे सुचवतो. आधी हिरोडोटसचे वर्णन वाचावे, मग नकाशा उघडावा आणि दोन्ही जुळत का नाहीत हे वर्गालाच शोधू द्यावे. नदीचे मुख, गाळाचा त्रिकोणी प्रदेश आणि डोंगराची कड पाहून नववीचे विद्यार्थी जुन्या किनाऱ्याची रेघ बऱ्यापैकी अचूक ओढतात. फक्त हे सारे शिक्षकाला आधी ठाऊक असले पाहिजे. पूर्वतयारी न करता, तासाला आयत्या वेळी नाव टाइप करून तिथे ‘उडत’ जाणारा शिक्षक मुलांना हमखास चुकीचे चित्र देऊन जाईल.

जुनी हवाई छायाचित्रे हा याच साधनातला दुसरा विभाग. बहुतेक जागांसाठी तो फार मागे जात नाही, त्यामुळे इतिहासाच्या दृष्टीने त्याचा उपयोग मर्यादित वाटतो. पण युरोपातील काही शहरांसाठी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील चित्रे त्यात आहेत. वॉर्साची १९३५ ची आणि १९४५ ची प्रतिमा एकामागून एक दाखवली की, एका शहराचा विध्वंस म्हणजे काय हे समजावण्यासाठी वेगळ्या भाषणाची गरज पडत नाही. छपरे नसलेल्या घरांच्या भिंती वरून पाहिल्या की रिकाम्या चौकटींसारख्या दिसतात, आणि त्या चौकटी रस्त्यामागून रस्ता पसरलेल्या असतात. याउलट टाइमलॅप्स हे १९८४ पासूनच्या उपग्रहचित्रांचे चलच्चित्र आकर्षक असले तरी ते पर्यावरणाच्या तासाला अधिक शोभते. अरल समुद्राचे आटणे त्यात डोळ्यांदेखत दिसते, मात्र कापसासाठी आमू दर्या आणि सीर दर्या या नद्यांचे पाणी वळवल्याने ते १९६० च्या दशकातच सुरू झाले होते. कारणाचा काळ चित्राच्या बाहेर आणि परिणामाचा काळ चित्रात, अशी ही रचना आहे.

मला या सगळ्यांत अधिक मोलाचे वाटतात ते जुन्या नकाशांचे संग्रह. स्टॅनफर्ड विद्यापीठाशी जोडलेल्या डेव्हिड रम्सी संग्रहात एक लाखाहून अधिक नकाशे व चित्रे ऑनलाइन पाहता येतात, आणि स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जुना नकाशा आजच्या नकाशावर ठेवून त्याची पारदर्शकता कमी-जास्त करण्याची, किंवा दोन्ही शेजारी शेजारी ठेवून एकाच वेळी सरकवण्याची सोय आहे. ही सोय दिसायला किरकोळ आहे, पण तिच्यामुळे विद्यार्थ्याला दोन काळ एकाच जागी पाहता येतात, आणि नकाशा हाही कुणीतरी, कधीतरी, कशासाठी तरी काढलेला दस्तऐवज आहे हे उमगते. गूगल अर्थ पाहताना ही जाणीव होत नाही. ते चित्र जणू आपोआप उमटलेले आहे असे वाटते.

एकच नकाशा निवडायचा असेल तर मी डॉक्टर जॉन स्नो यांचा लंडनमधील कॉलऱ्याचा नकाशा निवडीन. १८५४ च्या ऑगस्टअखेरीस सोहो भागात साथ उसळली आणि तिच्यात ६१६ माणसे दगावली. स्नो यांनी मृत्यू झालेल्या घरापुढे प्रत्येक मृत्यूसाठी एक आडवी काळी रेघ मारली आणि पाण्याचे पंपही दाखवले. उत्तम प्रतीची स्कॅन केलेली प्रत मोठ्या पडद्यावर लावून ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती झूम केले की रेघांची चळत दिसते. पण वर्गाचे लक्ष जिथे रेघा नाहीत तिकडे वळवावे. पंपाच्या अगदी जवळ असलेली दारूभट्टी जवळजवळ कोरी आहे. तिथल्या कामगारांना बिअर मिळत असे आणि भट्टीची स्वतःची विहीरही होती. पोलंड स्ट्रीटवरच्या अनाथ-निराधारांच्या वर्कहाउसमध्ये पाचशेहून अधिक लोक राहत असूनही मृत्यू थोडेच, कारण तिथेही स्वतंत्र विहीर होती. हे दोन अपवाद विद्यार्थ्यांना आपले आपण सापडले तर पुरावा म्हणजे काय हे त्यांना कळलेच म्हणून समजावे. पंपाची दांडी ८ सप्टेंबरला काढली तेव्हा साथ आधीच ओसरू लागली होती, हेही सांगावे. नाहीतर एका दांडीने साथ थांबवल्याची परीकथा तेवढी लक्षात राहते. त्यानंतर आजच्या नकाशावर तीच जागा काढावी. ब्रॉड स्ट्रीट आता ब्रॉडविक स्ट्रीट झाला आहे, आणि रस्त्यावरच्या छायाचित्रांमध्ये पंपाची प्रतिकृतीही दिसते.

काळ पुढे-मागे सरकवता येणाऱ्या नकाशांबद्दल माझे मत संमिश्र आहे. ओपनहिस्टॉरिकलमॅप हा ओपनस्ट्रीटमॅपच्या धर्तीवर स्वयंसेवकांनी चालवलेला प्रकल्प प्रामाणिक आहे. त्यात प्रत्येक रस्त्याला, इमारतीला, सीमेला आरंभाची आणि अंताची तारीख देता येते आणि खालच्या स्लायडरने वर्ष बदलले की नकाशा बदलतो. माहिती फार असमान आहे. काही शहरांच्या गल्ल्यांपर्यंतचा तपशील आहे, तर काही मोठ्या प्रदेशांत शतकानुशतके कोरी पडलेली आहेत. पण ही उणीव झाकलेली नाही, आणि वरच्या वर्गातील विद्यार्थी स्वतः त्यात भर घालू शकतात. एखाद्या जुन्या पुलाची तारीख भरण्यापूर्वी ती कुठून मिळाली हे सांगावे लागते, तेव्हा इतिहासलेखनाची पहिली पायरी हाताला लागते. या प्रकल्पाला मी हप्त्याला एक तास द्यायला सांगणार नाही, पण सहामाहीतून एखादा उपक्रम त्यावर जरूर बेतावा.

याउलट पाच हजार वर्षांचा इतिहास दोन मिनिटांत रंगीबेरंगी साम्राज्यांच्या रूपाने पसरत-आक्रसत दाखवणाऱ्या ज्या चित्रफिती आणि संकेतस्थळे सर्वत्र फिरत असतात, ती वर्गात दाखवू नयेत. आजच्या राष्ट्रांना असते तशी रेघेइतकी बारीक, दोन्ही बाजूंना मान्य असलेली सीमा जुन्या सत्तांना असेलच असे नाही, आणि एका जागी एकच सत्ता हा तर फारच अलीकडचा विचार आहे. १७१९ मध्ये मराठ्यांना दख्खनच्या सहा मोगल सुभ्यांवर चौथाई आणि सरदेशमुखी वसूल करण्याच्या सनदा मिळाल्या. सुभे बादशहाचे, अंमल सुभेदाराचा आणि महसुलातील वाटा मराठ्यांचा. मग या प्रदेशाला रंग कोणता द्यायचा? चित्रफीत एक रंग देते आणि पुढे जाते. जो विद्यार्थी ती पाहून बसला आहे, त्याला मराठ्यांचा विस्तार हा एका रंगाने दुसऱ्या रंगाला गिळणे एवढाच वाटणार, आणि त्या विस्ताराचे जे वैशिष्ट्य आहे ते त्याच्या हातून निसटणार. फारच मोह झाला तर चित्रफीत एका वर्षापाशी थांबवावी आणि दिसणारी प्रत्येक सीमा कशाच्या आधारावर काढली असेल असे विचारावे. बहुतेक ठिकाणी उत्तर मिळणार नाही.

ऑर्बिस हे स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेले, २०१२ मध्ये खुले झालेले रोमन जगाचे प्रवासप्रारूप मात्र माझे आवडते आहे. दिसायला ते रूक्ष आहे. सुमारे इ.स. २०० च्या परिस्थितीवर आधारलेल्या या जाळ्यात ६३२ स्थळे आणि ८४,००० किलोमीटरहून अधिक रस्ते आहेत. निघण्याचे ठिकाण, पोचण्याचे ठिकाण, महिना किंवा ऋतू आणि प्रवासाचे साधन निवडले की किती दिवस लागतील आणि मालवाहतुकीला किती खर्च येईल याचा अंदाज मिळतो. खर्चासाठी रोमन सम्राट डायोक्लेशनच्या इ.स. ३०१ च्या दरपत्रकाचा आधार घेतलेला आहे. आजच्या नकाशावर दोन शहरांमधील वाट विचारली की महामार्ग पुढे येतो आणि तासांत उत्तर मिळते. ऑर्बिसवर तीच वाट हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात वेगळी निघते, कारण वारे आणि समुद्राची स्थिती बदललेली असते. इजिप्तचे धान्य रोमला जहाजानेच का यायचे, जवळचे पण डोंगरापलीकडचे गाव किनाऱ्यावरच्या दूरच्या बंदरापेक्षा महाग का पडायचे, हे विद्यार्थी आकडे बदलून बदलून शोधून काढतात. अंतर किलोमीटरमध्ये न मोजता दिवसांत आणि पैशांत मोजणे ही कल्पना एकदा डोक्यात बसली की ती रोमपुरती राहत नाही. इंग्रजीतील सूचना आणि जुनी लॅटिन नावे यांमुळे पहिला तास जड जातो. ठिकाणांची यादी आधी फळ्यावर लिहून ठेवावी.

स्लेव्हव्हॉयेजेस या संकेतस्थळावर अटलांटिक पार करणाऱ्या गुलामांच्या जहाजांच्या सुमारे ३६,००० सफरींची नोंद आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून सुमारे सव्वा कोटी माणसे जहाजांत कोंबली गेली आणि सुमारे एक कोटी सात लाखच पलीकडे जिवंत पोचली, असा तिथला अंदाज आहे. जहाजांचे ठिपके समुद्रावरून सरकताना दाखवणारे चलच्चित्रही त्यात आहे. इथे शिक्षकाला तोल सांभाळावा लागतो, कारण सरकणाऱ्या ठिपक्यांकडे मुले खेळ पाहावा तशी पाहू लागतात. म्हणून आधी एकच जहाज निवडावे, त्याच्या नोंदीत किती माणसे चढली आणि किती उतरली हे वाचावे, त्या दोन आकड्यांची वजाबाकी फळ्यावर करावी आणि मगच चलच्चित्र लावावे. क्रम उलटा केला तर परिणाम साफ नाहीसा होतो. बहुसंख्य जहाजे उत्तर अमेरिकेत न जाता ब्राझील आणि कॅरिबियन बेटांकडे गेली, ही गोष्ट मात्र चलच्चित्रातच सर्वांत चांगली दिसते.

काही व्यावहारिक बाबी थोडक्यात सांगतो. सपाट नकाशांवर ध्रुवांकडचे प्रदेश फुगतात. आफ्रिका ग्रीनलंडच्या चौदा पट मोठी असूनही दोन्ही सारखीच दिसतात, तेव्हा वसाहतवादाचा धडा शिकवताना तरी पृथ्वीगोलाचे दृश्य वापरावे. वादग्रस्त सीमा पाहणारा कोणत्या देशात आहे त्यानुसार बदलून दाखवल्या जातात, हे वरच्या वर्गांना सांगून टाकावे. ब्राउझरमधील गूगल अर्थवर स्वतःचा प्रकल्प तयार करण्यासाठी खाते लागते. लहान मुलांची खाती उघडण्यापेक्षा शिक्षकाच्या एका खात्यावर काम करावे. वर्गात इंटरनेट डळमळीत असेल तर ‘प्रो’मध्ये लागणारी दृश्ये आदल्या दिवशी प्रतिमा म्हणून जतन करून ठेवावीत, आणि मार्ग व खुणा केएमझेड फाइलमध्ये साठवाव्यात, ती फाइल पुढच्या वर्षी दुसऱ्या शिक्षकालाही देता येते. प्रत्येक मुलाच्या हातात उपकरण असण्याची गरज नाही. एक प्रोजेक्टर आणि प्रत्येक बाकावर कोरा आराखडा एवढे पुरते, किंबहुना पडद्यावरचे पाहून हाताने रेघ ओढणारा विद्यार्थी नुसते झूम करणाऱ्यापेक्षा जास्त लक्षात ठेवतो असा माझा अनुभव आहे.

शेवटी, शाळांना विकल्या जाणाऱ्या तयार ‘डिजिटल इतिहास’ संचांविषयी. वर सांगितलेली सर्व साधने विनामूल्य असताना हे संच घ्यावेत का, असे मला अनेकदा विचारले जाते. मी पाहिलेल्या अशा एका संचात नकाशे सुबक होते, निवेदन मराठीत होते आणि वेळही वाचत होता. पण एकही खूण हलवता येत नव्हती, एकही सीमा पुसता येत नव्हती आणि कोणत्या नकाशाला कोणता आधार हे कुठेही लिहिलेले नव्हते. म्हणून संच घेण्यापूर्वी विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात : प्रत्येक सीमेचा आधार आणि वर्ष नकाशावर दिसते का, शिक्षकाला त्यात बदल करता येतो का, आणि आपले काम दुसऱ्या साधनात नेता येईल अशा स्वरूपात बाहेर काढता येते का. तिन्हींची उत्तरे होकारार्थी आली तरच पुढची बोलणी करावीत.